आकडा सांग, फेली

२९ डिसेंबर २०२४, रविवार

ही वही सँड्राने नाताळची भेट म्हणून दिली. लोकांच्या बायका नवऱ्याला शर्ट देतात, घड्याळ देतात. माझी बायको वही देते आणि वर म्हणते, "वॉल्टर, डॉक्टरांनी काय सांगितलंय? बीपी. आता राग आला की माणसांवर काढायचा नाही, ह्यात काढायचा." सोबत पेनसुद्धा दिलं, म्हणजे सबब नको.

ठीक आहे. काढतो.

माझा धंदा साऊंडचा. आमच्या गिरीजपासून पार विरारपर्यंत लग्न असो, सण असो, टेम्पोवर 'वॉल्टर साऊंड' लिहिलेलं दिसलं की लोक निर्धास्त होतात. आणि हेच लोक माइक हातात आला की त्यात फुंकर मारतात! तो माइक आहे की रॉकेलचा स्टोव्ह? काल नंदाखालच्या लग्नात नवऱ्याच्या मामाने तीनतीनदा फुंकलं. मी काही बोललो नाही, फक्त बघितलं. सँड्रा म्हणते, माझं बघणं माझ्या बोलण्याच्या वरताण असतं.

पण खरा राग तो नाही. लग्नात माइकवर बोलायला क्लिफर्ड होता, माझा मोठा भाऊ. गावातल्या निम्म्या लग्नांत तोच बोलतो. त्याने लहान मुलांना वर बोलावलं, म्हणाला, एकेकाने आपलं नाव सांगा आणि नवरा-नवरीला शुभेच्छा द्या. आमच्या फेलीची पाळी आली. फेली म्हणजे फेलिशिया, माझी एकुलती एक, फेब्रुवारीत दहाची होईल. तिने माइक अगदी मी शिकवलाय तसा धरला, तोंडापासून वीतभर लांब. "फ…" म्हणाली आणि थांबली. "फ… फ…" तिचं असं होतं. डोक्यात शब्द फार आणि बाहेर यायला दार एकच. मी मिक्सरपाशीच होतो, हातात दुसरा माइक. लगेच बोललो, "फेलिशिया! नवरा-नवरीला खूप खूप शुभेच्छा!" मांडवभर टाळ्या. पोरीची अब्रू वाचली.

तर शेजारचा एक गृहस्थ मला विचारतो, "मुलगी तोतरी आहे का हो?" मी त्याला जे बोललो ते ह्या वहीतही लिहिता यायचं नाही, समोर नाताळचा गोठा मांडलेला आहे.

फेली मात्र जेवली नाही. आमचे मैद्याचे तळलेले फुगे म्हणजे तिचा जीव की प्राण, त्यांनाही हात लावला नाही. टेम्पोत जाऊन बसली. दमली असेल.

५ जानेवारी, रविवार

मिस्साहून आल्यावर वाढदिवसाचा विषय निघाला. नऊ फेब्रुवारी ह्या वेळी रविवारीच येतोय आणि ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागायला अजून अवकाश आहे, म्हणजे अंगणात मांडव घालायला हरकत नाही.

आमच्या घरात फेलीचा वाढदिवस तिच्या त्या त्या वर्षाच्या वेडाप्रमाणे होतो. चौथ्या वर्षी गोगलगाईंचं वेड होतं. वाडीतल्या केळीखालून गोळा करून आणायची, डब्यात ठेवायची, प्रत्येकीला वेगळं नाव. सँड्राने गोगलगाईचा केक केला. पाचव्या वर्षी गांडुळं. गांडुळाचा केक कसा करतात ते माझ्या बायकोलाच माहीत. वर जेलीच्या लांब लांब तारा सोडल्या होत्या आणि पाहुण्यांतल्या अर्ध्या बायकांनी तोंडं फिरवली. सहाव्या वर्षी मासे, वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे आमच्या तळ्याच्या, काठावर बसून पाण्यात बघत राहायची. सातव्या वर्षी बुद्धिबळ. आठव्या वर्षी मुक्या माणसांची हातांची भाषा, कुठल्याशा व्हिडिओवरून आपली आपण शिकली. नवव्या वर्षी शब्दकोडी.

काय पोरगी आहे! जे हातात घेते त्यात पार बुडून जाते. आणि आवाज नाही, गडबड नाही. साऊंडवाल्याच्या पोटी अशी शांत पोर, देवाची करणी.

मी विचारलं, "मग ह्या वर्षी काय, बाय माझी?"

एका दमात म्हणाली, "हाऊझी."

आमच्याकडे हाऊझीशिवाय समारंभ पार पडत नाही. लग्नात नवरी नसली एक वेळ चालेल, पण हाऊझीची तिकिटं पाहिजेत. पिशवीतून आकडे निघतात, बोलणारा ते माइकवर बोलतो, लोक आपापल्या तिकिटावर खुणा करतात. ज्याचं सगळं तिकीट आधी भरलं त्याचं फुल हाऊस, आणि चुकीचं ओरडला तर तिकीट बाद, त्याला म्हणतात बोगी. मी म्हटलं, "मग खेळू की, त्यात काय!" तर म्हणते, "खेळायची नाही. मी बोलणार."

सँड्राचा डाव मटणाच्या टोपात तसाच थांबला. मी म्हटलं, "बोलणार! का नाही बोलणार? वॉल्टरची मुलगी आहे!"

म्हटलं खरं. आता लिहिताना मात्र हिशेब करतोय. एक ते नव्वद आकडे, समोर सगळं गाव.

११ जानेवारी, शनिवार

शनिवार म्हणजे सँड्रा आणि फेली वसई रोडला ड्रॉइंगच्या क्लासला जातात. दिवाळीपासून चाललंय. आजवर एक चित्र घरी आलेलं नाही. आज विचारलं तर सँड्रा म्हणाली, "अजून बेसिक चाललंय." फेली खाली बघून हसली.

वर सँड्रा मला सांगते, मॅडम म्हणाल्या, घरच्यांनी मुलांची वाक्यं पूर्ण करू नयेत. ड्रॉइंगच्या मॅडमना वाक्यांशी काय करायचंय? म्हणावं, रेघा शिकवा.

१९ जानेवारी, रविवार

आज मी चाट पडलो. लिहायलाच पाहिजे.

फेलीने हाऊझीची रीतच बदलून टाकली. क्लिफर्ड आणि बाकीचे सगळे आकडा बोलतात. ही आकडा बोलतच नाही! पिशवीतून आकडा काढते, आपण बघते आणि एक कोडं सांगते. आकडा ओळखून लोकांनी ओरडायचा. आज ओटीवर तालीम झाली. मी, सँड्रा, माझी आई मटिल्डा, आणि फेलीची वर्गातली मैत्रीण रोशनी. रोशनी खाडीकडच्या शेतकऱ्यांची, शाळा सुटली की आमच्याकडेच असते. आईला कानाने कमी ऐकू येतं, माइकमधून बोललं तरच नीट कळतं, पण हाऊझी म्हटलं की ती अंथरुणातून उठून येईल.

फेली म्हणाली, "मोशेच्या आज्ञा."

"दहा!" मी ओरडलो.

"उपवासकाळ."

"चाळीस!"

"मॅचला दोन्ही टीम मैदानात."

रोशनीने डोकं खाजवलं, बोटं मोजली आणि म्हणाली, "बावीस."

"नव्याचे किती दिवस?"

"नऊ!"

मग माझ्याकडे न बघता म्हणते, "राग आला की माणसाने असे किती पाहिलेले असतात?"

सँड्रा आणि आई एकदम, "छप्पन!" आणि तिघी माझ्याकडे बघून हसतायत. मी म्हटलं, हे काय? तर पुढचं, "मिक्सरवाला भाऊ आणि माइकवाला भाऊ."

"छत्तीस!" आई तर खुर्चीतून पडायचीच बाकी होती. माझा आणि क्लिफर्डचा आकडा सगळ्या गावाला माहीत आहे म्हणा. पण पोरीची हुशारी बघा! क्लिफर्डला सात जन्मांत असलं सुचायचं नाही. तो अजून आकड्यांना बापजाद्यांच्या इंग्रजी चालीच लावतोय, 'टू फॅट लेडीज' वगैरे.

आणि एकाही कोड्याला फेली थांबली नाही. गुळगुळीत. मी सुचवलं, "पाचाला 'पाचामुखी परमेश्वर' घे की, सगळ्यांना माहीत आहे." माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "नको. ते माझ्या चालीत बसत नाही." क्रिकेटचं एक सुचवलं, तेही नको. कणसाचं सुचवलं, तेही नको. कलाकार माणसांचं असंच असतं, त्यांच्या चालीत काय बसतं आणि काय नाही ते त्यांनाच ठाऊक.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून क्लिफर्ड परस्पर आमच्याकडे आला. चहा प्यायला, दोन वड्या खाल्ल्या आणि म्हणाला, "हाऊझी मी बोलतो. पोरीला उगाच कशाला उभी करतोस? अडकली म्हणजे?"

"अडकते कुठे? विचार करून बोलते."

"वॉल्टर, मी तिचा काका आहे, दुश्मन नाही. बरं, मी नुसता बाजूला उभा राहतो. अडकली की घेतो माझ्याकडे."

"बाजूला उभं राहायला मी आहे ना! दुसरा माइक माझ्याकडे असतो. तुझी गरज नाही."

मग जे व्हायचं ते झालं. मागच्या वर्षी त्याने भर मांडवात माझ्या स्पीकरला खोकला झालाय म्हटलं होतं, ते निघालं. मी त्याच्या आवाजावरून काय बोललो ते निघालं. सँड्राने वही माझ्यासमोर आणून आपटली, तीसुद्धा क्लिफर्डच्या देखत!

फेली दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मग आत गेली. आपल्यासाठी दोन मोठी माणसं भांडतायत म्हटल्यावर पोरीला बरंच वाटलं असेल.

आता हे वाक्य पुन्हा वाचलं. बरं वाटल्यासारखा तिचा चेहरा नव्हता.

१ फेब्रुवारी, शनिवार

तुळिंजला एका दुकानात ॲम्प्लिफायर दुरुस्तीला टाकला होता, तो आणायला गेलो. आज क्लास नव्हता म्हणून फेली बरोबर आली. बाजारात टेम्पो अडकला. पुढे रिक्षा, मागे रिक्षा, बाजूला पेरूची गाडी. मी म्हटलं, आता वेळ आहे तर विचारून घेऊ.

"वाढदिवसाला माझ्याकडून काय पाहिजे, सांग. सायकल? टॅब?"

तिने मान हलवली. म्हणाली, "तू."

"मी?" मी खूश.

"तू… ग… ग…"

"गिटार?"

मान हलवली. "ग…"

"गेम? गॉगल? गाडी? अगं, गाडी कशी देऊ, दहा वर्षांची तू!"

तिने डोळे मिटून घेतले आणि हात पुढे करून माझ्या तोंडावर ठेवला. भर तुळिंजच्या बाजारात! पेरूवाला बघतोय. आणि मग म्हणाली, "गप्प बस. त्या दिवशी. मी थांबले तरी तू बोलायचं नाही. क्लिफर्ड अंकलने पण नाही. मला हेच गिफ्ट पाहिजे."

घरी येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. रागाने. तो राग इथे काढतो.

मी तिचा शब्द उचलतो तो काय हौस म्हणून? लोकांनी हसू नये म्हणून. बाप असून पोरीला तिथे लटकत ठेवू? पाण्यात पडलेल्याला हात देऊ नको म्हणते!

सँड्राला सांगितलं. ती म्हणाली, "ती पडलेली नाही, वॉल्टर. ती पोहतेय. हळू पोहते."

अर्धा तास झाला, ओटीवर बसलोय. खरं लिहायचं तर ती थांबते तेव्हा मला भीती वाटते. भर समारंभात माइक बंद पडला की मांडवात एक शांतता होते, सगळे मान वळवून साऊंडवाल्याकडे बघतात. ती शांतता मला सहन होत नाही. आजवर ती होऊ नये म्हणूनच तर मी हे वायर-कनेक्शन बघत आलोय. फेली थांबली की अगदी तशीच शांतता होते आणि माझं तोंड आपोआप उघडतं. मुद्दाम उघडत नाही मी.

३ फेब्रुवारी, सोमवार

म्हटलं, सराव करू. जेवताना फेली म्हणाली, "मम्मी, क…" मी ओठ आवळून धरले. "क… क…" मी दातांवर दात दाबले. माझा हात आपोआप पुढे गेला आणि कालवणाची वाटी मी तिच्यापुढे सरकवली.

तिला कांदा पाहिजे होता.

हाताने बोललेलंही धरणार, असं सँड्राचं म्हणणं आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी वाडीत पंपाची वायर बघायला गेलो होतो. बावखलापलीकडे फेली आणि रोशनी वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी केळीआड होतो, त्यांना दिसलो नाही. तसा मी कान देऊन ऐकणारा माणूस नाही, पण ऐकलं.

फेली काहीतरी सांगत होती. बावखलातला एक मासा, त्याचं कुटुंब, मे महिन्यात बावखल आटायला लागलं तेव्हा त्यांनी काय केलं. मनानेच रचलेलं असणार. एवढं लांब! माशाची आजी होती, ती कमी ऐकायची. एक काका मासा होता, तो सारखे बुडबुडे सोडायचा. मध्येच फेली थांबली. "प… प… प…" माझा पाय पुढे पडला, शब्द माझ्या ओठावर होता. रोशनीने मानसुद्धा वर केली नाही. शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले, दुसरी शेंग घेतली. तिच्या चेहऱ्यावर ना दया, ना घाई. फेली म्हणाली, "पाणी संपलं." रोशनी म्हणाली, "मग? पानी संपलं तर ते गेले कुठे?" आणि गोष्ट पुढे चालू.

मला आजवर वाटायचं, ही रोशनी जरा मंद आहे. काही विचारलं की उत्तर द्यायला वेळ लावते, दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबते. आज वाटलं, मंद कोण आहे ते एकदा नीट बघायला पाहिजे.

मी बराच वेळ उभा राहिलो. वायर राहूनच गेली. मला राग आलेला नाही, पण तरी लिहितोय. माझ्या मुलीला एवढं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. दहा वर्षं ती माझ्या घरात राहते, मी तिला रोज ऐकतो असं मला वाटत होतं. केवढं बोलते! केवढं छान बोलते!

८ फेब्रुवारी, शनिवार

मांडव झाला. सँड्राचा केक हाऊझीच्या तिकिटासारखा, वर क्रीमने आकडे. क्लिफर्डला मी स्वतः जाऊन निमंत्रण देऊन आलो, आणि त्याला सांगितलं की हाऊझीला खुर्चीवर बसायचं, उठायचं नाही. "आणि तू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मीसुद्धा. त्यावर तो हसला ते मला आवडलं नाही.

मिक्सरला एकच माइक लावला. मग दुसराही लावला. मग काढला. आता पुन्हा लावून आलोय. काही झालं तर? वायर तुटते, सेल संपतात, धंद्यात असं होतं. दुसरा माइक लागतोच.

सँड्रा आली. नुसती त्या माइककडे बघून गेली.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिण्याच्या स्थितीत नव्हतो. आज सगळं लिहितो.

मांडव गच्च भरला होता. प्रार्थना झाली, केक कापला. फेली पिवळ्या फ्रॉकमध्ये, केसांत अबोलीचा गजरा, आईने हट्टाने माळला होता. पहिल्या रांगेत मधोमध आई, तिच्या एका बाजूला क्लिफर्ड. मी मिक्सरपाशी, एका हातात माझं तिकीट, दुसऱ्या हातात दुसरा माइक. माइक बंद, पण अंगठा बटणावर. रोशनी पिशवी घेऊन फेलीच्या शेजारी.

फेलीने माइक घेतला. फुंकला नाही, टकटक केलं नाही. थेट म्हणाली, "आज मी आकडा सांगणार नाही. तुम्ही सांगायचा." लोकांना आधी कळेना. पहिलं कोडं आलं, "मोशेच्या आज्ञा." एक क्षण सगळे गप्प आणि मग मांडवभर, "दहा!" झालं, लोक पेटले. म्हातारे, पोरं, नव्या सुना, सगळे ओरडतायत. एरवी हाऊझीला माणसं तिकिटात तोंड खुपसून बसतात, काल सगळ्यांच्या माना वर होत्या, सगळ्यांचं लक्ष माझ्या मुलीच्या तोंडाकडे. 'छप्पन'ला सगळा मांडव माझ्याकडे बोट दाखवून ओरडला. 'मिक्सरवाला भाऊ आणि माइकवाला भाऊ' आलं तेव्हा क्लिफर्ड स्वतः उठून ओरडला, "छत्तीस!" आणि इतका हसला की मलाही हसू आवरेना. मी तिच्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, देवा, ही खरंच माझी?

लाईनी लागल्या, चार कोपरे लागले, उरलं फुल हाऊस. माझ्या तिकिटावर एकच आकडा शिल्लक होता, पंच्याहत्तर.

फेलीने आकडा काढला, बघितला आणि म्हणाली, "अमृतमहोत्सव."

माझाच आकडा! पण मांडवात गोंधळ झाला. अर्धे ओरडले, "पंच्याहत्तर!" अर्धे म्हणाले, "साठ!" मागून कुणीतरी पन्नास म्हणालं. अमृत कुठला, हीरक कुठला, त्यावर दोन मास्तरांचीच जुंपली. आई कानावर हात धरून इकडेतिकडे बघत होती. शेवटी तिने हात वर केला. आई आमच्या बोलीत बोलली, मी शाळेतल्या मराठीत लिहितो: "अगं पोरी, ह्यांच्या कलकलाटात मला काही कळत नाही. आकडा सांग, फेली. माइकमधून सांग."

सगळे गप्प झाले.

फेलीने हातातल्या आकड्याकडे बघितलं, आजीकडे बघितलं. माइक तोंडाजवळ नेला. "प…"

आणि थांबली.

तीच शांतता. स्पीकरमधून नुसता तिचा श्वास येत होता. "प… प…" लोक आपापल्या मांडीकडे बघायला लागले. क्लिफर्ड खुर्चीतून अर्धा उठला. मी त्याच्याकडे बघितलं. तो बसला. पण माझं काय? आकडा मला माहीत, मलाच पाहिजे होता, माइक हातात, अंगठा बटणावर. एक शब्द टाकला की संपलं. माझं तोंड उघडलं होतं, मला कळत होतं की उघडलंय. फेलीची मान लाल झाली होती.

मी माइक उलटा केला, खालचं झाकण फिरवलं आणि दोन्ही सेल काढून खिशात घातले. मग तिकीट दातांत धरलं, म्हणजे तोंडालाही काही काम राहिलं.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. रोशनीकडे बघत होती. रोशनी पिशवी हलवत उभी होती, आकडे खुळखुळत होते, कुणाची काही घाई नसल्यासारखी. "पं…" पुन्हा थांबली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

"पंच्याहत्तर," फेली म्हणाली.

माइकमधून, स्वच्छ, पार बावखलापर्यंत गेलं असेल. आणि मग आजीकडे बघून, सावकाश, "सातावर पाच. पंच्याहत्तर."

"हां, आता कळलं," आई म्हणाली आणि तिकिटावर वाकून शोधायला लागली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं. सगळे आपापल्या तिकिटात बघायला लागले, जसं काही झालंच नव्हतं. मला मात्र काही दिसेना. तिकीट हातात होतं, डोळ्यांसमोर होतं, पण सगळं पाण्यातून बघावं तसं. मी शर्टाच्या बाहीला नाक पुसलं. माणसाने लपवायचं तरी किती? रडलो मी, चांगला रडलो.

खेळ पुढे गेला. "मुंगीला पाय किती?" फेलीने विचारलं. पोरं ओरडली, "सहा!"

तेवढ्यात सँड्रा आली आणि माझ्या हातातलं तिकीट बघून मला चिमटाच काढला. "वॉल्टर! अरे, तुझं सगळं भरलंय! पंच्याहत्तरवर भरलंय! बोलत का नाहीस?"

मी दचकलो आणि ओरडलो, "फुल हाऊस!" माइकशिवाय, तरी मागच्या रांगेपर्यंत गेलं.

फेलीने मला पुढे बोलावलं. रोशनीने तिकीट घेऊन एकेक आकडा तपासला. सगळे बरोबर. फेलीने विचारलं, "शेवटचा कुठला?"

"पंच्याहत्तर," मी म्हटलं.

"त्यानंतर सहा निघाला."

"अगं, पण पंच्याहत्तरलाच माझं झालं होतं. सगळ्यांच्या देखत!"

"पुढचा आकडा निघायच्या आत बोलावं लागतं. नाहीतर तिकीट बाद." आणि तिने माइक तोंडाजवळ नेला, एवढंसं हसली आणि सगळ्या मांडवाला सांगितलं, "बोगी!"

मांडव फुटला. क्लिफर्ड मांड्या बडवत होता. त्यानंतर फेली आणखी दोनदा थांबली, एकदा बरीच, आणि लोक आरामात थांबले, कुणी सुपारी कातरली, कुणी पोराचं नाक पुसलं. शेवटी फुल हाऊस आईलाच लागलं. पण ते नंतर.

आधी मी तिथेच उभा होतो, बाद तिकीट हातात घेऊन. फेलीने माइक खाली केला आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "पप्पा, तुला माहीत होतं ना? मग बोलला का नाहीस?"

आजपर्यंत मला हे कुणी विचारलेलं नाही.